लाग्वारी गावाचा परिचय

१२ मार्च

झाउर आज बुटांचा चिखल न झाडताच वर्गात शिरला. तिन्ही मुलं उभी राहिली. त्याला ते फार आवडतं. गावचा कारभारी झाल्यापासून तो पोट पुढे काढून चालतो.

"लामारा, तुझं अक्षर सुंदर, भाषा सुंदर. आता गावाला त्याचा काही उपयोग होऊ दे," म्हणाला, आणि एक पाकीट टेबलावर टाकलं.

राजधानीतला, तिबिलिसीतला, कुठलासा विकास निधी आहे. आमच्या स्वानेतीच्या डोंगरी मुलखातल्या पाच गावांतून ते एक निवडणार. तिथं लाकडी हॉटेल आणि डोंगरावर जायला रोपवे होणार. प्रत्येक गावानं एप्रिलअखेर आपला परिचय लिहून पाठवायचा, पाहुण्यांसाठी आणि पैसे गुंतवणाऱ्यांसाठी. बारा पानं.

"माझ्याच्यानं होईल का?" मी विचारलं.

"जूनमध्ये तुझ्या वर्गातली दोन पोरं कुटाइसी शहरात चालली. एका पोरासाठी सरकार शाळा ठेवील का? मग बस बटाटे सोलत. त्यापेक्षा लिही."

खरं आहे. आणि हॉटेल झालं तर माझी लेक इया परत येईल. तिला इंग्रजी येतं, रशियन येतं. चार वर्षं ती कुटाइसीत दुसऱ्याच्या दुकानात उभी आहे.

लिहीन मी.

२० मार्च

पहिलं वाक्य तीन दिवसांनी जमलं. 'जिथे रस्ता संपतो आणि आभाळ सुरू होतं, तिथे लाग्वारी आहे.' मकवालाला वाचून दाखवलं. ती शेजारीण, पण तोंडाची तिखट. म्हणाली, "रस्ता संपतो हे खरंय. आभाळाचं माहीत नाही, खड्डे मात्र तिथूनच सुरू होतात."

घराघराचे दगडी बुरूज, देवळातली जुनी चित्रं, आमचं मसाल्याचं मीठ, मांस भरलेली कुबदारी भाकरी हे सगळं भराभर लिहून झालं. जानेवारीत मेलेल्यांना घरी बोलावून त्यांच्यासाठी टेबल मांडतात तेही लिहिलं. परक्यांना असलं आवडतं.

मग त्यांचा तक्ता भरायला घेतला. सातवा प्रश्न: 'गेल्या पन्नास वर्षांतील नैसर्गिक आपत्ती.' तिथं हात थांबला.

एकोणीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, सकाळी दहाच्या सुमारास वरचा सगळा बर्फ सुटला आणि खालच्या वस्तीवरून गेला. चार घरं, नऊ माणसं. त्यांत माझ्या भावाची बायको त्सियाला, सात वर्षांचा गेगी आणि चार वर्षांची मारेखी. दादा वर आमच्याकडे करवत न्यायला आला होता. मीच त्याला म्हटलं होतं, चहा घेऊन जा. चहा उकळेपर्यंत खाली काही राहिलं नव्हतं.

आता तिथं कुरण आहे. अख्ख्या गावात सपाट जागा तेवढीच. हॉटेल होईल तर तिथंच.

मी झाउरला विचारलं, काय लिहू? त्या दिवशी फावडं घेऊन सगळ्यांत आधी धावलेला तोच. स्वतःची आई त्यानं हातांनी उकरून काढली होती. मग म्हणाला, "एकोणीस वर्षांत परत आला का? नाही ना? मग लिही, उल्लेखनीय काही नाही."

लिहिलं. पेन्सिलीनं लिहिलंय, अजून खोडता येईल.

६ एप्रिल

देवळासमोर सभा भरली. विषय एकच, माझा भाऊ.

दादा माझ्याकडेच राहतो, बाजूच्या खोलीत. कोणाला त्रास नाही. लाकडं फोडतो, गाईचं बघतो. पण रोज सकाळी कुरणात उतरतो आणि आपल्या घराचा चुलीचा दगड शिल्लक आहे त्यावर बसतो. उन्हाळ्यात डोंगर चढायला परके येतात, तिथंच तंबू ठोकतात. दादा प्रत्येकाला सांगतो, "इथं नको. इथं बर्फ येतो." जुलैतही सांगतो. गेल्या साली एका जर्मन जोडप्याचा अख्खा तंबू त्यानं स्वतः उचलून वर आणून दिला. त्यांना वाटलं, इथली पाहुणचाराची पद्धत.

सभेत मकवाला म्हणाली, "बिमुर्झा गावाचं कुत्रं झालंय. पाहुणा दिसला की भुंकतं."

लोक हसले. मीही जरा हसले. नाहीतर वाटलं असतं, मला राग आला.

दादा तिथंच भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मकवाला, तुझी बहीण तिसऱ्या घरात होती."

मग झाउर म्हणाला, "बघा, हे असं. पाहुण्यांपुढं हे असंच चालायचं का?" आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मकवालानं तर सगळ्यांत जोरात.

२८ एप्रिल

परिचय रवाना. सातवा प्रश्न शाईनं गिरवला. बाराव्या पानावर 'लाग्वारीची माणसं' असा परिच्छेद मला फार चांगला साधला आहे. 'इथं कुणीही एकटं नसतं' हे वाक्य लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

३ जून

सगळं नीट पार पडलं.

निधीच्या रुसुदान बाई आल्या, बरोबर दोन गुंतवणूकदार आणि एक इंजिनिअर. दादाचं काय करायचं ते काल ठरलं होतं. झाउरच्या अंगणातल्या बुरुजाचं तळघर कोरडं आहे, भिंत दीड मीटर जाड. मी स्वतः आत घोंगडी टाकली, भाकरी ठेवली, चीज ठेवलं. दादाला म्हटलं, "झाउरचं वासरू आत अडकलंय, जरा बघतोस?" तो लगेच आत गेला. जनावराचं नाव काढलं की तो थांबत नाही. झाउरनं बाहेरून अडसर लावला.

पाहुणे अंगणात जेवायला बसले. कुबदारी गरम होती. रुसुदान बाई मला म्हणाल्या, "परिचय तुम्ही लिहिलात? आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचला हो!" मला जेवण जाईना.

आणि मग बुरुजातून आवाज यायला लागला. भिंत जाड आहे, पण वर झरोके आहेत, त्याचा विचार कोणी केला नव्हता. दादा नावं घेत होता. खालच्या वस्तीतली नऊच्या नऊ, सावकाश, लांब ओढून, एकामागून एक, आणि संपली की परत पहिल्यापासून. बुरुजात आवाज घुमतो. त्सियाला… गेगी… मारेखी… नावांच्या मधले शब्द आमच्या स्वान बोलीतले. रुसुदान बाईंना ती येत नाही, फक्त ऐकू येत होतं.

"हे काय?" त्यांनी घास हातात तसाच धरून विचारलं.

झाउरचा चेहरा पांढरा पडला. मीच बोलले. कुठून सुचलं देव जाणे. "आमचं जुनं शोकगीत आहे, बाई. एक म्हातारे गायक बुरुजात सराव करतात. आत आवाज चांगला लागतो."

एका गुंतवणूकदारानं खिशातून मोबाइल काढून वर धरला. सगळे गप्प बसून ऐकत होते. रुसुदान बाईंचे डोळे भरून आले. "हजार वर्षांचं दुःख आहे हो यात," त्या म्हणाल्या. झाउरच्या आईचं नाव आलं तेव्हा झाउर प्याल्यात दारू ओतत होता. ओतत राहिला, टेबलावर सांडेपर्यंत.

शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी अडसर काढला. दादा दारातच बसला होता. भाकरीला हात लावलेला नव्हता. म्हणाला, "आत वासरू नव्हतं, लामारा."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"टाळ्या कशाच्या?"

"पाहुण्यांना जेवण आवडलं."

त्यानं मान हलवली आणि गाईचं दूध काढायला गेला.

१७ जून

आपलं गाव निवडलं! झाउरनं हवेत बंदुकीचे तीन बार काढले. मकवालानं मला मिठी मारली, तिला मिठी मारताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. इयाला फोन केला. ती किंचाळली. "आई, खरंच? मी येते, सप्टेंबरात येते. मामाला सांग, त्याच्यासाठी चांगले बूट आणते."

ते बुरुजातलं गाणं निधीच्या जाहिरातीत घेणार आहेत. उद्‌घाटनाला त्या गायकाला बोलवा, असं रुसुदान बाईंनी कळवलंय.

३० जून

मोजणीवाले कुरणात खुंट्या मारून जातात. दादा रोज पहाटे त्या उपटतो, मोजून बांधतो आणि झाउरच्या दारात ठेवतो. एकही मोडत नाही. झाउर म्हणतो, "मोडली असती तर पोलिसात दिलं असतं. हा हरामखोर दोरीनं बांधून देतो!"

खरा पेच दुसराच आहे. कुरणातल्या चार घरांच्या जागा अजून त्या त्या माणसांच्या नावावर आहेत. तीन घरांच्या वारसांनी सह्या केल्या. चौथी जागा दादाची.

मी त्याच्यापुढं कागद ठेवला. समजावलं, की हॉटेलवाले वर बर्फ अडवायला लोखंडी जाळ्या बसवणार आहेत. त्यानं विचारलं, "किती?" मी म्हटलं, मला कसं माहीत असणार. तो म्हणाला, "तू विचारलंस?"

नाही विचारलं. विचारलं असतं तर का विचारता म्हणाले असते, आणि सातवा प्रश्न निघाला असता.

९ जुलै

झाउरनं तालुक्याच्या गावाहून डॉक्टर आणला. दादा शहाणासुरता नाही असा दाखला मिळाला, तर त्याच्यातर्फे जवळचं माणूस सही करू शकतं. जवळचं माणूस मीच.

डॉक्टर तरुण होता, घाम पुसत होता, परत जायची घाई होती. दादाला अंगणातल्या बाकावर बसवलं. साल विचारलं, वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. दादानं सगळं बरोबर सांगितलं. वजाबाकी तर माझ्यापेक्षा भराभर. झाउर अस्वस्थ झाला.

"डॉक्टर, त्या कुरणाबद्दल विचारा की," तो म्हणाला.

डॉक्टरनं खाली बोट दाखवलं. "तिथं काय आहे, काका?"

"माझं घर," दादा म्हणाला.

डॉक्टरनं पाहिलं. गवत होतं, दोन गाई होत्या. "घरात कोण असतं?"

"त्सियाला. आणि मुलं. गेगी आणि मारेखी."

डॉक्टरनं वही उघडली.

आमच्या घरात आपल्या वारलेल्या माणसाला 'होता' म्हणायची पद्धत नाही. बाबांना जाऊन तीस वर्षं झाली, मीही अजून 'बाबा घरात आहेत' म्हणते. डॉक्टरला हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दादानं माझ्याकडं पाहिलं. तू सांग ना, असं. त्याला वाटलं, मी शिकलेली आहे, मला नीट सांगता येईल.

मी डॉक्टरांना विचारलं, चहा घेणार का.

मी बोलायला हवं होतं का? सकाळपासून हाच विचार डोक्यात आहे. पण माझ्या एका वाक्यानं अठ्ठावीस माणसांचं गाव मेलं असतं. आणि दादाला ताप असतो, खोकला असतो, खाली रुग्णालयात उबेत राहील, वेळेवर औषध मिळेल. हाही विचार करायलाच हवा.

१६ जुलै

नेलं. सपाटीवरचं मोठं रुग्णालय आहे, बाग आहे म्हणतात. मी लोकरीचे चार जोड मोजे दिले, मिठाची पुरचुंडी दिली. दादानं गाडीत बसताना काहीच त्रास दिला नाही. फक्त विचारलं, "खुंट्या कोण काढणार?"

झाउर हसून म्हणाला, "मी काढीन, तू जा निवांत."

"रोज?" दादानं विचारलं.

"रोज," झाउर म्हणाला.

संध्याकाळी मी कागदावर सही केली. माझं अक्षर खरंच सुंदर आहे.

८ ऑगस्ट

पाया खणताना त्यांना एक पाळण्याचा दांडा आणि ॲल्युमिनियमचा डबा मिळाला. कामगारानं दोन्ही माझ्याकडं आणून दिले. मी ते मकवालाकडं दिले, ती म्हणाली मला नको, झाउरकडं दे. झाउरनं ते परत खड्ड्यात टाकले आणि वरून काँक्रीट ओतायला सांगितलं. उन्हाळा छोटा असतो, काम थांबवून चालत नाही.

इयाचा फोन. "मामाला दे." मी म्हटलं, गवत कापायला वर गेलाय. पुढच्या फोनला काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेवायला हवं.

२१ सप्टेंबर

इया आली. किती गोड दिसते! बुटांचं खोकं घेऊन थेट बाजूच्या खोलीत गेली. ती मी पाहुण्यांसाठी रंगवून घेतली आहे, दोन पलंग आणि नवे पडदे.

"आई, मामाचं सामान कुठंय?"

मी सगळं सांगितलं. नीट, पहिल्यापासून, कुणालाही पटेल असं. ती पलंगावर बसून ऐकत होती.

"म्हणजे तू सही केलीस."

"कुणीतरी करायलाच हवी होती, इया. मी तुझ्यासाठी केली."

"माझ्यासाठी?" ती उठली. "मी सहा वर्षांची होते तेव्हापासून तू शाळेत मागं थांबायचीस, मला रोज घरी कोण आणायचं? बर्फात खांद्यावर घेऊन कोण यायचं? बाबा गेल्यावर या घरात लाकडं कोणी आणली?"

"मग आता मी काय करू? सांग तू."

"जा आणि त्याला घेऊन ये."

"दाखला आहे त्याचा. तो असा रद्द होत नाही. आणि हॉटेलचं छत चढलंय, इया. बघ तरी, काय देखणं दिसतं. स्वागताच्या टेबलामागं तुझी खुर्ची—"

तिनं खुर्चीबद्दल जे म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. शिक्षिकेची मुलगी आहे ती.

२२ सप्टेंबर

सकाळच्या गाडीनं इया गेली. बूट घेऊन गेली. राग उतरला की तिला कळेल.

१४ नोव्हेंबर

परिचय छापून आला. जाड गुळगुळीत कागद, बारा पानं, शेवटी बारीक अक्षरात माझं नाव. मुखपृष्ठावर कुरण, त्यावर हॉटेल, मागं पांढरी उतरण. झाउरनं दहा प्रती घेतल्या. एक प्रत मी दादासाठी बाजूला ठेवली. वाटलं, छापलेलं बघून तरी त्याला पटेल.

चार महिन्यांत जायला जमलं नव्हतं. आज गेले. सहा तास गाडी.

बाग आहे खरी. दादा बाकावर बसला होता. केस बारीक कापलेले, अंगानं उतरलाय. पायात नवे बूट होते. मी म्हटलं, "दादा, मी आले." त्यानं उठून मला जागा करून दिली, जशी कुणाही परक्या बाईला देतात. शेजारी बसले आणि पुस्तिका त्याच्या मांडीवर ठेवली.

त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एकेक ओळ, बोट ठेवून. 'नैसर्गिक आपत्ती: उल्लेखनीय काही नाही' या ओळीशी जरा जास्त वेळ थांबला. मी थंडीनं गारठले होते, पण म्हटलं, वाचू दे.

मग मिटून म्हणाला, "फार छान लिहिलंय, बाई. कुठं आहे हे गाव?"

मी म्हटलं, "वर. डोंगरात."

"माणसं कशी आहेत तिथली?"

"चांगली आहेत," मी म्हटलं.

"असं? मग एकदा जाऊन यायला हवं." त्यानं पुस्तिका माझ्या हातात परत दिली. "राहू द्या तुमच्याकडं. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल."

आणि उठून आत गेला. नीट सरळ चालत गेला, पायरीशी मागं वळला नाही. एवढं विसरणं! डॉक्टर बरोबर होते तर. खरं सांगायचं तर मला थोडं हलकं वाटलं. आपण केलं ते चुकीचं नव्हतं.

दारापाशी परिचारिकेनं माझी सही घेतली. नाव वाचून ती एकदम हसली. "तुम्हीच लामारा? बिमुर्झांची बहीण? रोज सांगतात हो तुमच्याबद्दल. शिक्षिका आहे, अक्षर सुंदर आहे, लहानपणी गुरं घेऊन जाताना माझा हात सोडायची नाही. भाची दर महिन्याला येते, तिच्यापाशीही तुमचीच चौकशी. किती लख्ख आठवतं त्यांना सगळं!"

मी म्हटलं, बरं.

तिची काहीतरी गल्लत झाली असणार. इतके रुग्ण असतात त्यांच्याकडे, एकाचं दुसऱ्याला लावत असतील.